यशाची परीक्षा : इमाम गज्जाली (रह.) यांच्या जीवनातून

अपयश ही परीक्षा असते, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. आजारपण आले, व्यवसायात तोटा झाला, मुलगा परीक्षेत नापास झाला की घरातील वडीलधारी मंडळी सब्र करण्यास सांगतात, आणि आपलेही हात आपोआप दुआसाठी उठतात. यश हीदेखील परीक्षाच असते, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. पवित्र कुरआनात सूरह अंबियाच्या ३५व्या आयतीत अल्लाहने वाईट आणि चांगल्या अशा दोन्ही अवस्थांनी माणसाची कसोटी घेतली जाते, हे स्पष्ट केले आहे. या दोन कसोट्यांपैकी पहिलीची तयारी आपण जन्मभर करतो, दुसरीची अजिबात करीत नाही.

आपल्या समाजात हा विषय मांडताना थोडा संकोच वाटतो. अनेक घरांतून आज पहिल्यांदाच कोणी महाविद्यालयाची पायरी चढत आहे. आईने शिलाई करून आणि बापाने हातगाडी लावून मुलीला शिकवले आहे. अशा लोकांना यशाचे धोके सांगणे म्हणजे उपाशी माणसाला अतिभोजनाचे तोटे समजावणे होय, असा आक्षेप कोणी घेईल. आक्षेपात तथ्य आहे. परंतु अल्लाहच्या कृपेने आता ताटात अन्न येऊ लागले आहे. दहावी-बारावीचे निकाल लागतात, नीटचे आणि स्पर्धा परीक्षांचे निकाल लागतात, आणि मोहल्ल्याच्या चौकात अभिनंदनाचे फलक झळकतात. तेव्हा हा प्रश्न विचारण्याची वेळ हीच आहे: मिळालेले यश माणसाचे जीवन बिघडवू शकते काय?

आधी शब्दांकडे पाहू. मराठीत ज्याला आपण यश म्हणतो, त्या शब्दाचा मूळ संस्कृत अर्थ कीर्ती असा आहे. लोकांच्या तोंडी आपले नाव असणे, हा अर्थ त्या शब्दाच्या पोटातच आहे. अजानमध्ये दिवसातून पाच वेळा आपल्याला ज्या सफलतेकडे बोलावले जाते, तिचे नाव 'फलाह' आहे. या शब्दाच्या मुळाशी जमीन चिरण्याचा, नांगरण्याचा अर्थ आहे, म्हणून अरबीत शेतकऱ्याला 'फल्लाह' म्हणतात. एका शब्दाचे मूळ लोकांच्या कानात आहे, दुसऱ्याचे मातीत. नांगरणारा पेरतो आणि पिकाची वाट पाहतो. नांगरतानाच त्याची वाहवा व्हावी, अशी त्याची अपेक्षा नसते.

अरबीत आणखी एक शब्द आहे, 'जाह'. त्याची फोड इमाम गज्जाली (रह.) यांनी आपल्या 'इह्या उलूमुद्दीन' या ग्रंथात केली आहे. संपत्ती म्हणजे वस्तूंची मालकी आणि जाह म्हणजे लोकांच्या अंतःकरणांची मालकी, असे ते सांगतात. जाह संपत्तीपेक्षाही माणसाला अधिक प्रिय असते, आणि त्याची कारणेही ते देतात. जाह असेल तर तिच्या जोरावर संपत्ती मिळवता येते, पण केवळ संपत्तीने जाह मिळेलच असे नाही. संपत्ती चोरीला जाते, अंतःकरणात बसलेला मान सहजासहजी चोरता येत नाही. आणि संपत्ती वाढवण्यासाठी कष्ट पडतात, तर जाह आपोआप वाढते, कारण एक जण दुसऱ्याजवळ स्तुती करतो, दुसरा तिसऱ्याजवळ. हे विवेचन केवळ पांडित्याचे नाही. लिहिणाऱ्याने ते सारे स्वतः भोगले होते.

अबू हामिद मुहम्मद गज्जाली यांचा जन्म हिजरी ४५० (इ.स. १०५८) मध्ये इराणच्या खुरासान प्रांतातील तूस येथे झाला. चरित्रकार सांगतात की वडील गरीब होते आणि लोकर कातून उदरनिर्वाह करीत. मृत्यूपूर्वी त्यांनी दोन्ही मुलांना, अबू हामिद व अहमद यांना, आपल्या एका सूफी मित्राच्या स्वाधीन केले आणि होती ती अल्प पुंजीही दिली. पुंजी संपल्यावर त्या मित्राने मुलांना सांगितले की आता माझ्याजवळ काही उरलेले नाही, तुम्ही मदरशात दाखल व्हा, तेथे निदान जेवणाची सोय होईल. पुढे गज्जाली (रह.) म्हणत असत की आम्ही विद्या अल्लाहव्यतिरिक्त दुसऱ्याच हेतूने मिळवू पाहिली, परंतु विद्येनेच अल्लाहव्यतिरिक्त दुसऱ्या कोणाची होण्यास नकार दिला. (मदरशात शिकलेल्या आम्हा अनेकांना या हकिकतीत आपले बालपण दिसते. दोन वेळच्या भाकरीसाठी मदरशात येणे ही लाजेची गोष्ट नव्हे.)

निशापूर येथे इमामुल हरमैन जुवैनी (रह.) यांच्यासारखे गुरू त्यांना लाभले. गुरूंच्या निधनानंतर ते सल्जुक साम्राज्याचे वजीर निजामुल मुल्क यांच्या छावणीत गेले. तेथे विद्वानांचे वादविवाद रंगत, आणि त्यात या तरुणासमोर कोणाचा टिकाव लागत नसे. इ.स. १०९१ मध्ये वजिराने त्यांना बगदादच्या निजामिया मदरशाचे मुख्य अध्यापक नेमले. वय अवघे ३३ वर्षे. त्या काळच्या मुस्लिम जगात एखाद्या आलिमला याहून मोठे स्थान मिळणे कठीण होते. ३०० विद्यार्थी त्यांच्यासमोर बसत. खलिफाच्या दरबारात मान होता. निशापूरचे त्यांचे समकालीन अब्दुल गाफिर फारिसी यांनी त्यांना या काळात पाहिले होते. आपल्या बुद्धीच्या आणि वाणीच्या जोरावर इतरांना तुच्छ लेखणारा माणूस, अशी त्यांची नोंद आहे.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. हे यश हरामचे नव्हते. लाच दिली नव्हती, कोणाचा हक्क मारला नव्हता, दारू किंवा व्याज यांचा संबंध नव्हता. काम होते दीनची विद्या शिकवण्याचे. बाहेरून पाहणाऱ्याला त्यात एकही डाग दिसला नसता. डाग एकालाच दिसला, तो म्हणजे स्वतः गज्जाली (रह.) यांना. उत्तरायुष्यात लिहिलेल्या 'अल-मुन्किज मिनज-जलाल' या आत्मकथनपर ग्रंथात ते सांगतात की त्यांनी आपल्या अध्यापनामागील निय्यत तपासून पाहिली, तेव्हा ती निखळ अल्लाहसाठी नव्हती. मानमरातब आणि कीर्ती हीच त्यामागची प्रेरणा होती. आपण ढासळत्या दरडीच्या काठावर उभे आहोत, अशी त्यांची खात्री पटली.

खात्री पटली म्हणून माणूस लगेच बदलतो असे नाही. हिजरी ४८८ च्या रजब महिन्यापासून (इ.स. १०९५) जवळजवळ सहा महिने त्यांची ओढाताण चालली. एक पाय पुढे टाकावा, दुसरा मागे घ्यावा. सकाळी आखिरतची ओढ प्रबळ व्हावी आणि संध्याकाळी वासनांच्या फौजेने तिचा पराभव करावा. हे स्थान एकदा सोडलेस तर पुन्हा मिळणार नाही, असे मन बजावत असे. शेवटी निर्णय त्यांच्या हातात उरलाच नाही. त्यांची जीभ बंद झाली. एखादा दिवस तरी शिकवावे, समोर बसलेल्यांना बरे वाटावे, म्हणून ते प्रयत्न करीत, पण तोंडातून शब्द फुटत नसे. ज्या वाणीने सगळे मिळवले होते तीच गेली. दुःखाने अन्नपाणी तुटले. घोटभर रस्सा घशाखाली उतरेना, एक घास पचेना. वैद्यांनी हात टेकले. दुखणे मनातून शरीरात उतरले आहे, मनावरचे ओझे दूर झाल्याशिवाय औषध चालणार नाही, असे त्यांनी सांगितले.

तेव्हा त्यांनी निरुपाय झालेल्या माणसाप्रमाणे अल्लाहपुढे हात पसरले, आणि पद, प्रतिष्ठा, संपत्ती सोडणे सोपे झाले. खलिफा आणि मित्रमंडळी अडवतील म्हणून मक्केला जात असल्याचे त्यांनी जाहीर केले. मनात मात्र शाम देशाला जाण्याचे होते. मुलाबाळांच्या निर्वाहापुरते ठेवून बाकी संपत्ती वाटून टाकली आणि बगदाद सोडले. निजामियातील त्यांची जागा धाकटे बंधू अहमद यांनी सांभाळली.

यापुढचा तपशील मला सर्वांत बोलका वाटतो. बगदादच्या विद्वानांना या जाण्याचा अर्थच लागेना. यामागे धार्मिक कारण असू शकेल हे कोणालाही पटले नाही, कारण त्यांच्या दृष्टीने निजामियाचे ते पद हेच दीनमधील सर्वोच्च स्थान होते! दूरच्या लोकांनी तर्क केला की सत्ताधाऱ्यांची मर्जी फिरली असावी. सत्ताधाऱ्यांच्या जवळ असणाऱ्यांना दिसत होते की ते त्यांना सोडायला तयार नाहीत आणि हेच तोंड फिरवत आहेत. शेवटी लोक म्हणाले की ही आभाळातून आलेली आपत्ती आहे, इस्लामच्या अनुयायांना आणि विद्वानांना कोणाची तरी नजर लागली. नऊशे वर्षे उलटून गेली, पण आपले मोहल्लेही हेच बोलतात. यशस्वी माणूस अस्वस्थ झाला की नजर लागली असे आपण म्हणतो. त्या यशानेच त्याला काही झाले असेल, ही शंका मनाला शिवत नाही.

काही इतिहासकार म्हणतात की १०९२ मध्ये निजामुल मुल्क यांची हत्या झाली होती, राजकारण धोक्याचे बनले होते, म्हणूनही गज्जाली (रह.) यांनी बगदाद सोडले असावे. भीतीचाही वाटा असेल. पण भीती असती तर आपल्या निय्यतीचा दोष असा उघडपणे कोणी लिहून ठेवला नसता, असे मला वाटते.

यश नेमके कोणती हानी करते, याचे उत्तर या घटनेत आहे. अपयश आले की माणूस थांबतो आणि कोठे चुकले, असे स्वतःला विचारतो. यशात हा प्रश्न कोणी विचारत नाही. उलट प्रत्येक शाबासकी सांगत राहते की तू योग्य मार्गावर आहेस. त्यामुळे हेतू हळूहळू बदलला तरी काम तसेच दिसते, आणि बदललेला हेतू खुद्द त्या माणसालाही दिसेनासा होतो. सहीह मुस्लिममधील एका हदीसमध्ये प्रेषित मुहम्मद (स.) यांनी न्यायाच्या दिवशी सर्वप्रथम ज्या तिघांचा निवाडा होईल त्यांचे वर्णन केले आहे. एक रणांगणात प्राण दिलेला, दुसरा विद्या शिकून शिकवणारा आणि कुरआन पठण करणारा, तिसरा दानशूर. तिघेही आपापल्या क्षेत्रात अत्यंत यशस्वी. तिघांना सांगितले जाईल की तुम्ही हे लोकांनी शूर, आलिम, दाता म्हणावे म्हणून केलेत, आणि लोकांनी तसे म्हटलेही. म्हणजे मोबदला वसूल झाला. ही हदीस सांगण्यापूर्वी हजरत अबू हुरैरा (रजि.) वारंवार बेशुद्ध पडले होते, असे तिर्मिजीच्या रिवायतीत आले आहे. तीत अपयशी माणूस एकही नाही, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या बेशुद्धीचा अर्थ कळतो. दुसऱ्या एका हदीसचा आशय असा आहे की मेंढरांच्या कळपात सोडलेले दोन भुकेले लांडगे जितके नुकसान करणार नाहीत, तितके माणसाची संपत्तीची व मानाची हाव त्याच्या दीनचे करते. रात्री कळपात लांडगा शिरला तर काय उरते, हे कोणत्याही धनगराला विचारावे.

आता आपल्या घरांकडे वळू. मागे एकदा जुम्म्याच्या नमाजनंतर एक वयस्क गृहस्थ मागे थांबले. म्हणाले, "इमामसाहेब, परीक्षेची तयारी चालू होती तेव्हा मुलगा फजरला माझ्याआधी उठायचा. तहज्जुदसुद्धा चुकत नव्हती. आता नोकरी लागली, गाडी आली आणि फजर गेली. बोललो की म्हणतो, 'अब्बा, कामाचा ताण आहे.' मी त्याच्या यशासाठीच दुआ केली होती. माझी दुआ चुकली का?"

दुआ चुकली नव्हती. सूरह जुमरच्या आठव्या आयतीत अशाच माणसाचे वर्णन आहे. संकटात तो पूर्णपणे अल्लाहकडे वळतो, आणि कृपा झाली की ज्याच्यासाठी हाक मारत होता तेच विसरतो. गरज होती तोवर नमाज होती. मी त्यांना विचारले, "चाचा, मुलाचा फोन येतो तेव्हा तुम्ही पहिला प्रश्न कोणता विचारता?" ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "प्रमोशनचं काय झालं, हाच."

त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. आपण सगळे हेच विचारतो. पण जाहची व्याख्या पुन्हा आठवा. मुलाचे यश ही बापाची जाह बनते. मोहल्ल्यात त्यांना 'डॉक्टरचे अब्बा' म्हणून ओळखले जाऊ लागते, निकाहच्या बैठकीत पुढची जागा मिळते. मग मुलाच्या यशाला तडा जाणे बापाला परवडत नाही, आणि हे मुलाला बरोबर कळते. असा मुलगा आपले अपयश, आपली भीती, कधी कधी आपले आजारपणही घरच्यांपासून लपवतो. चौकातील फलकावर ज्याचे छायाचित्र लागले, त्याला पुढच्या वर्षी अभ्यास झेपत नाही हे सांगण्याची जागा आपण शिल्लक ठेवतो काय?

म्हणून यशापासून पळावे, असा अर्थ कोणी काढू नये. कुटुंबावर खर्च केलेल्या दीनारला हदीसमध्ये सर्वांत मोठे पुण्य सांगितले आहे. हजरत सुलैमान (अ.) यांना जे राज्य मिळाले ते अल्लाहनेच दिले होते. सबाच्या राणीचे सिंहासन क्षणात समोर आलेले पाहून, मी कृतज्ञ राहतो की कृतघ्न होतो याची ही कसोटी आहे, असे ते म्हणाले. इमाम गज्जाली (रह.) यांनीही कायमचा एकांत पत्करला नाही. दमिश्क, बैतुल मुकद्दस, अल-खलील, मक्का, मदीना असा प्रवास करून ते घरी परतले. मुलांच्या हाकेने आपल्याला ओढून आणले, असे ते लिहितात. अल-खलील येथे हजरत इब्राहीम (अ.) यांच्या कबरीजवळ त्यांनी प्रतिज्ञा केली होती की राज्यकर्त्यांच्या दरबारात जाणार नाही, त्यांचा पैसा घेणार नाही, आणि वादविवादाच्या आखाड्यात उतरणार नाही. ही तिन्ही त्यांच्या यशाची दारे होती. कोणत्या दाराने लांडगा येतो हे त्यांना कळले होते, आणि त्यांनी घर न पाडता तेवढीच दारे लावून घेतली.

हिजरी ४९९ मध्ये (इ.स. ११०६) त्यांना निशापूरच्या निजामियात पुन्हा शिकवण्याचा आदेश आला. तेव्हाही त्यांनी निय्यतच तपासली, आणि या वेळी निष्कर्ष उलटा निघाला. एकांतात राहण्याचा आग्रह आता आळसापोटी, आरामापोटी आणि लोकांचा त्रास नको म्हणून आहे, असे त्यांना दिसले. यश सोडण्यातही मनाचा डाव असू शकतो! ते गेले आणि शिकवू लागले. आपण परत आलो असे दिसत असले तरी परत आलेलो नाही, असे त्यांनी लिहिले. पूर्वी ते जाह मिळवून देणारी विद्या शिकवीत होते, आता जाह सोडायला लावणारी विद्या शिकवीत होते. अब्दुल गाफिर फारिसी यांना आधी संशय आला की हा नम्रपणा म्हणजे ओढूनताणून आणलेले सोंग आहे. त्यांनी जवळून पारख केली आणि नोंदवून ठेवले की बदल खरा होता.

आपल्या घरात यश आले तर काय करावे, याची रीत सूरह नस्रमध्ये आहे. अल्लाहची मदत आणि विजय आला, लोक झुंडीझुंडीने दीनमध्ये येऊ लागले, म्हणजे यशाचा कळस झाला. आणि त्या क्षणी आदेश आहे तो अल्लाहची स्तुती करण्याचा आणि क्षमा मागण्याचा. पापानंतर क्षमा मागणे समजते, विजयानंतर क्षमा कशासाठी? हजरत उमर (रजि.) यांनी या सूरहविषयी विचारले तेव्हा तरुण इब्ने अब्बास (रजि.) यांनी सांगितले की यात प्रेषित (स.) यांच्या निरोपाच्या वेळेची सूचना आहे. काम पूर्ण झाले म्हणजे जाण्याची वेळ जवळ आली. रमजान ८ हिजरीत मक्का जिंकून शहरात प्रवेश करताना प्रेषित (स.) यांची मान विनयाने इतकी झुकली होती की दाढी खोगिराला टेकेल असे वाटत होते. त्यानंतर काही आठवड्यांतच हुनैनच्या रणांगणावर १२,००० जणांच्या फौजेतील काहींना आपल्या संख्येचे भूषण वाटले. पहिल्याच हल्ल्यात फौज पांगली. सूरह तौबाच्या २५व्या आयतीत याचा उल्लेख आहे.

तेव्हा मुलीचा निकाल चांगला लागला तर पेढे जरूर वाटावेत. शक्य तर त्याच दिवशी शुक्राचे दोन रकात घरातील सर्वांनी मिळून पढावेत, आणि शेजारच्या ज्या मुलाला अपयश आले त्याच्या घरी पेढे नेण्याऐवजी आधी विचारपूस करायला जावे. सत्कार समारंभांना माझा विरोध नाही, त्यांनी इतर मुलांना उमेद मिळते. पण व्यासपीठावर बसलेल्या मुलापेक्षा त्याच्या मागे उभ्या राहिलेल्या पुढाऱ्यांची छायाचित्रे मोठी असतील, तर तो सत्कार कोणाचा आहे हे ओळखावे. नोकरी लागलेल्या मुलाला फोनवर आधी तब्येत विचारावी, मग नमाज विचारावी, बढतीचे तो स्वतः सांगेल.

सहीह बुखारीत हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांची एक हकिकत आहे. ते मदीनेतील अत्यंत यशस्वी व्यापारी होते. हिजरतनंतर रिकाम्या हाताने बाजारात उतरले आणि पुढे मोठे धनवान झाले. एकदा त्यांचा रोजा होता आणि त्यांच्यासमोर अन्न आणले गेले. तेव्हा त्यांना हजरत मुसअब बिन उमैर (रजि.) आठवले. ते माझ्याहून श्रेष्ठ होते, असे म्हणून त्यांनी सांगितले की मुसअब शहीद झाले तेव्हा कफनासाठी एकच चादर होती. डोके झाकावे तर पाय उघडे पडत, पाय झाकावे तर डोके. हजरत हमजा (रजि.) यांनाही त्यांनी आठवले. मग आमच्यावर दुनिया अशी मोकळी केली गेली, ते पुढे म्हणाले, की आमच्या सत्कर्मांचा मोबदला येथेच देऊन टाकला की काय, अशी भीती वाटते. एवढे बोलून ते रडू लागले, आणि समोरचे अन्न तसेच राहिले.